भुशाची फेरी

लादणीच्या बैलांची आणि मुकादमाची ही कथा निदान तीन रूपांत सांगितली जाते. एका रूपात माणसे जवळजवळ नाहीतच. बैलच बोलतात, म्हातारा बैल तरण्या बैलांना घाट शिकवतो आणि गोष्ट हसतखेळत संपते. दुसऱ्या रूपात मुकादम पुरुष आहे. ऐन वेळी राजा वेष पालटून घाटात येतो, सारे डोळ्यांनी पाहतो आणि शेवटी मुकादमाला एक गाव इनाम देतो. तिसऱ्या रूपात मुकादमी एका विधवेकडे आहे, राजा राजधानी सोडून हलत नाही, इनाम नाही, आणि घाटात मृत्यू आहे. मुलांना सांगताना तो मृत्यू गाळण्याचा प्रघात पडला आहे. तो गाळला की कथा गोड होते. पण मग मुकादमीण एवढी हट्टाला का पेटली, याचे उत्तर कथेत उरत नाही. म्हणून इथे तिसरे रूप घेतले आहे, आणि त्यातले काहीही गाळलेले नाही.

घाटमाथ्यावरच्या एका गावी नागशेट नावाचा व्यापारी राहत होता. माथ्यावरचे धान्य बैलांच्या पाठीवर लादून घाटाखालच्या बंदरावर पोचवायचे आणि बंदरावरचे मीठ वर आणायचे, हा त्याचा धंदा. घाट इतका अरुंद की एका बैलामागे एक माणूस लागे. नागशेटकडे चाळीस बैल होते आणि चाळीस हाकणारे. नवी माणसे शोधणे, पारखणे, कामाला लावणे आणि रुळेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवणे, हे काम ठकूबाई मुकादमिणीचे. तिचा नवरा मुकादम होता. तो तापाने गेला, तेव्हा नागशेटने दुसरा मुकादम शोधण्याआधीच ती कामाला उभी राहिली होती, आणि मग दुसरा शोधायचे राहूनच गेले.

या घाटात एक गोष्ट उलटी होती. नवखा माणूस दरी पाहून घाबरतो आणि बैलाला डोंगराच्या बाजूला दाबतो. सपाटीवर ते शहाणपणाचे असते. इथे त्याने जीव जाई. बैलाच्या दोन्ही अंगांना गोण्या फुगलेल्या असत. बैल कड्याला घासून चालला की आतली गोणी कातळावर आदळे, आणि तो धक्का बैलाला उचलून दरीत टाकी. म्हणून बैलाला दरीच्या कडेनेच चालू द्यावे लागे. बैलाला ते ठाऊक असे. माणसाला शिकवावे लागे.

ते शिकवण्याची तिथे एक रीत होती. नव्या माणसाच्या पहिल्या दोन फेऱ्या भुशाच्या. गोण्या धान्याच्याच मापाच्या, तितक्याच फुगलेल्या, पण आत भुसा. कातळाला लागली तर गोणी फाटेल, भुसा उडेल, बैल अडखळेल आणि सावरेल. नव्यामागून एक जुना हाकणारा चाले. जिवावर बेतल्याशिवाय त्याने वाटेत बोलायचे नाही. जे सांगायचे ते खाली पोचल्यावर.

दुसरी रीत ठकूबाईची स्वतःची होती. माणूस निवडला की ती त्याच्या घरी जाई. घरातल्या वडीलधाऱ्याबरोबर एक भाकरी अर्धी अर्धी वाटून खाई आणि म्हणे, “वाट पायात बसल्याबिगर तुमच्या माणसाच्या बैलावर दाणा चढणार नाही.” एवढे बोलून ती उठे. हा शब्द तिने कधी मोडला नव्हता. मोडावा अशी वेळही आली नव्हती.

एके वर्षी ती वेळ आली. बेटावरच्या किल्ल्यातले धान्य संपत आले होते आणि समुद्र खवळून बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. राजाची आज्ञा घाटमाथ्यावर पोचली. दहाव्या दिवशी सूर्यास्ताच्या आत ऐंशी बैलांचे धान्य बंदरावर उतरवावे. जो व्यापारी आधी उतरवील त्याला घाटाच्या वाहतुकीचा दहा वर्षांचा मक्ता. आज्ञा दोघांना गेली होती: नागशेटला आणि पलीकडच्या गावच्या एका व्यापाऱ्याला.

नागशेटने ठकूबाईला बोलावले. “चाळीस बैल मी आणतो. चाळीस माणसं तू आण. जमेल?”

ठकूबाईने बोटांवर दिवस मोजले. माणसे शोधायला तीन दिवस. कोणाच्या हाती कोणता बैल, कोणामागे कोण, हे लावायला चौथा. घाट उतरायला एक दिवस, चढायला एक. दोन फेऱ्यांचे चार दिवस झाले. नवव्या दिवशी गोण्या भरायच्या, दहाव्याला उतरायचे.

“जमेल,” ती म्हणाली. “पण मधला एक दिवससुद्धा कुणाला मागू देऊ नका. तुम्हीही मागू नका.”

“मी कशाला मागतोय?” नागशेट म्हणाला, आणि तेव्हा ते त्याच्या मनातूनच आले होते.

पलीकडच्या व्यापाऱ्याने दवंडी पिटवली. जो येईल तो कामावर, ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून मजुरी. त्याच्या दारात रांग लागली. ठकूबाई मात्र गावोगाव हिंडत होती. ती माणसाचे दंड पाहत नसे. समोर बसवून एकच प्रश्न विचारी, “शेवटचा चुकलास कधी?”

सपाटीवरच्या एका गावात कोंडाजी नावाचा गाडीवान भेटला. वीस वर्षे बैल हाकलेला, छातीने रुंद, जिभेने त्याहून रुंद.

“चुकलो? गेल्याच बाजारी,” तो म्हणाला. “गाडी ओढ्यात उलटवली. पण त्यात चूक गाडीची होती.”

“आणि ओढ्याची नव्हती?”

“थोडी ओढ्याचीबी होती.”

भोवतालचे हसले. ठकूबाईही हसली. “अर्धं तरी खरं बोललास. घर दाखव तुझं.”

त्याच गावी आणखी एक जण पुढे आला. सटवा त्याचे नाव; दोन डोंगर पलीकडच्या वाघळी गावचा, कामाच्या शोधात निघालेला. त्याला तोच प्रश्न विचारला तेव्हा त्याने मान ताठ केली.

“मी चुकत नसतो, बाई. कुणालाबी विचारा.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“मग तुला शिकवायला माझ्यापाशी काही नाही,” ठकूबाई म्हणाली. तिने त्याला पोटभर जेवू घातले आणि परत पाठवले. तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती आणि तिला अजून सहा माणसे हवी होती. तो कुठल्या दिशेने गेला, हे तिने पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीस माणसे गावात आली. चौथा दिवस उजाडला तशी ठकूबाई एकेकाला नाव घेऊन हाक मारू लागली. तापट माणसाला थंड बैल दिला, भित्र्याला घाट पाठ असलेला म्हातारा बैल. बडबड्याच्या मागे मुकाट राहील असा जुना हाकणारा लावला, आणि घुम्याच्या मागे गप्पिष्ट. कोणती विहीर आपली, कोणती नाही. भाकरी कुठे मिळेल. रात्री घोंगडी कुठे पसरायची. रडू आले तर कोणाकडे जायचे, हेसुद्धा तिने सांगितले. शेवटचे ऐकून सगळे हसले. त्यांतल्या दोघांनी त्या रात्रीच त्या माणसाला गाठले.

मग तिने सगळ्यांना वाटेतला धोका समजावला. “दरीची बाजू बैलाची. भीती वाटली तर तुम्ही घाबरा, बैलाला ओढू नका.” चाळीस माना डोलल्या. कोंडाजीची सर्वांत जोरात डोलली.

पाचव्या दिवशी सकाळी भुशाच्या गोण्या चढल्या, तेव्हा त्याच कोंडाजीला राग आला.

“बाई, भुसा वाहायला गाढव शोधायचं होतं. मी वीस वर्षं बैल हाकलाय.”

“गाढवाला शिकवावं लागत नाही,” त्याच्यामागे लावलेला धर्मातात्या म्हणाला. चाळीस वर्षे घाट उतरलेला हा म्हातारा कोंडाजीच्या वाट्याला का आला, हे त्या वाक्यावरून सगळ्यांना कळले.

तांडा वेशीबाहेर पडला. वाटेवर पलीकडच्या गावची माणसे उभी होती. “अरे, किल्ल्यावर माणसं राहतात की म्हशी?” ती ओरडली. “भुसावाले आले! भुसावाले!” कोंडाजी मान खाली घालून चालला. त्याला आपल्या गावातले कोणी पाहत नसल्याचे बरे वाटले.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर कातळ नाकासारखा वाटेत पुढे आला होता. हाकणारे त्याला नाकाडा म्हणत. तिथे वाट दीड हात उरे आणि खाली झाडांचे शेंडे दिसत. कोंडाजीने ठकूबाईचे शब्द मनात घोळवले. बैलाला ओढायचे नाही. दरीची बाजू बैलाची. तो हे मनात म्हणत असतानाच बैलाचा खूर कडेवर पडला, एक दगड घरंगळत गेला, आणि कोंडाजीच्या हाताने कासरा आत खेचला. हाताने त्याला विचारलेच नाही. गोणी नाकाड्याला लागली आणि टरकन फाटली. बैल बाहेर फेकला गेला, पुढचे दोन पाय रोवून थरथरत उभा राहिला आणि सावरला. भुसा वाऱ्यावर उडाला आणि दरीत कितीतरी वेळ तरंगत राहिला.

धर्मातात्या मागे उभा होता. रीतीप्रमाणे तो काही बोलला नाही. खाली बंदरावर पोचल्यावरही तो एवढेच म्हणाला, “ज्वारी असती तर?”

त्या दिवशी चाळीस जणांपैकी अकरा जणांची एकेक गोणी फाटली. अकराही जणांना आदल्या दिवशी सगळे सांगितलेले होते.

सहाव्या दिवशी दुपार कलता तांडा घाट चढून परत आला, तेव्हा नागशेट वेशीवर उभा होता. त्याचा चेहरा पाहूनच ठकूबाईला कळले की हा आता तो मधला दिवस मागणार.

“पलीकडच्याच्या गोण्या भरून झाल्या,” नागशेट म्हणाला. “ऐंशी बैल. उद्या पहाटे निघतोय. परवा मक्ता त्याच्या घरात.”

“निघू द्या.”

“निघू द्या? चार दिवस माझे चाळीस बैल भुसा नाचवणार, चाळीस दावणीला बसणार! जुने चाळीस गडी नव्यांच्या मागं हात हलवत फिरणार! एकदा उतरून आले ना? झालं. उद्या धान्य चढव.”

“अकरा गोण्या फाटल्या, शेट.”

“मग त्या अकरांना पुन्हा सांग, नीट दम देऊन सांग. सांगायला काय दोन दिवस लागतात?”

“सांगून झालंय. सांगितलेलं कानात राहतं. भीती वाटली की हात कानाला विचारत नाही.”

नागशेटचा स्वर खाली आला. तो वाईट माणूस नव्हता. “बाई, किल्ल्यावर माणसं उपाशी आहेत. ती माणसं नव्हेत का?”

दुसऱ्या रूपात इथे मुकादम चटकन एक चतुर उखाणा घालतो आणि व्यापारी निरुत्तर होतो. या रूपात ठकूबाई पुन्हा बोटांवर दिवस मोजते.

“दहाव्या दिवशी पोचवते म्हणून मी शब्द दिलाय,” ती अखेर म्हणाली. “दहावा दिवस अजून यायचाय. किल्लाही तोवर तग धरील, म्हणून तर राजानं दहा दिवस दिले. घाई किल्ल्याला नाही शेट, मक्त्याला आहे. आणि चाळीस घरची अर्धी भाकरी माझ्या पोटात आहे. तुम्हाला उद्या धान्य चढवायचं असेल तर आधी चाळीस उंबऱ्यांवर जा आणि माझा शब्द तुमच्या तोंडानं मागं घ्या.”

“माझ्या बैलांवर काय चढायचं ते तू ठरवणार?”

“तुमच्या बैलांवर नाही. माझ्या माणसांमागं.”

“तुझी माणसं?” नागशेट लाल झाला. “आजपासून तू मुकादमीण नाहीस. झाली कुणाची माणसं?”

ठकूबाईने पदर खोचला. “बरं,” ती म्हणाली, आणि नव्या माणसांच्या तळव्यांवरचे वळ पाहायला निघून गेली, जणू तिला कामावरून काढले नसून दुसऱ्या कामावर लावले होते.

नागशेटने तांड्याला गोळा केले. “उद्या जो धान्याची गोणी घेऊन उतरेल, त्याला दुप्पट मजुरी. कोण येतो?”

कोणी हलले नाही. मग कोंडाजी पुढे आला. नागशेटला हायसे वाटले; हाच तो, भुशावर चिडलेला.

“शेट,” कोंडाजी म्हणाला, “काल माझ्या गोणीत ज्वारी असती, तर आज तुम्ही माझ्या घरी निरोप धाडला असता. बाईनं सांगितलेलं मला पाठ होतं. नाकाड्याशी उभा असताना मी तेच म्हणत होतो. तरी हात ओढलाच.” त्याने आपला उजवा हात पुढे धरला, कासऱ्याने तळवा सोलला होता. “या हाताला अजून एक फेरी लागंल. भुशाचीच.”

“भुसावाला म्हणतील लोक,” मागून कोणीतरी पुटपुटले.

“म्हणू द्या की. भुसा उडाला, कोंडाजी राहिला.”

नागशेटकडे दुसरे चाळीस नव्हते. तो घरी गेला.

सातव्या दिवशी पहाटे पलीकडच्या व्यापाऱ्याचा तांडा धान्य घेऊन घाटात शिरला. तासाभराने मागून भुशाचा तांडा निघाला. ठकूबाई मुकादमीण नव्हती, तरी सर्वांच्या पुढे चालत होती. तिला मागे राहा म्हणायचे कोणाला सुचले नाही.

दुसऱ्या वळणावरच त्यांना बैलांचे हंबरणे ऐकू आले. नाकाड्याशी पोचेपर्यंत सारे उघड झाले होते. वाट तुंबली होती. बैल एकमेकांना चिकटून उभे होते, प्रत्येकाला त्याच्या माणसाने डोंगराकडे दाबून धरलेले. काही माणसे कड्याला पाठ लावून खाली बसली होती आणि हातातला कासरा सोडत नव्हती. सात बैल दरीत गेले होते. त्यांच्यासोबत दोन माणसे गेली होती.

पलीकडचा मुकादम ओठ चावत उभा होता. “पुढं जाईना कोणी, मागं येता येईना,” तो म्हणाला. “तूच बघ, बाई.”

ठकूबाईने पाहिले, आणि आधी आपल्या चाळिसांना मागच्या रुंद जागी नेऊन बैल बांधायला लावले. मग ती म्हणाली, “एकेकानं जायचं. त्यांच्या माणसाच्या हातातून कासरा घ्यायचा. ओरडायचं नाही. गोणी उतरवायची, बैल दरीच्या बाजूला सोडायचा, आणि त्याच्यामागं चालायचं. माणसाला धर्मातात्या घेऊन येईल.”

कोंडाजी पहिला गेला. पुढ्यात तोच नाकाडा होता, तीच दीड हात वाट. परक्या बैलाचा खूर कडेवर पडला, दगड घरंगळला. कोंडाजीचा हात सैल राहिला. बैल पार झाला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. दुपार टळेपर्यंत वाट मोकळी झाली. धान्याच्या गोण्या नाकाड्याअलीकडच्या रुंद जागी रचून ठेवल्या, आणि दवंडीवर आलेली माणसे मोकळ्या बैलांमागून खाली उतरली. त्यांतली बरीच पुन्हा कधी घाटात आली नाहीत.

दरीत गेलेल्यांपैकी एक पलीकडच्या गावचाच होता. त्याचा भाऊ तांड्यात होता आणि त्याला धरून ठेवावे लागले. दुसऱ्यासाठी कोणी रडत नव्हते.

“तो कोण?” ठकूबाईने विचारले.

पलीकडच्या मुकादमाने खांदे उडवले. “तिसऱ्या दिवशी आला होता. नाव काहीतरी सांगितलं होतं त्यानं.”

“गाव?”

“गाव मी कशाला विचारतोय? गडी मजबूत होता.”

दोराने उतरून दोघांनी त्याला वर आणले. ठकूबाईने तोंडावरचे पटकूर बाजूला केले आणि तशीच बसून राहिली. तो सटवा होता. त्या अख्ख्या घाटात त्याचे नाव आणि गाव ठाऊक असलेली ती एकटीच होती, आणि तिनेच त्याला परत पाठवले होते.

“तात्या, फेरी पुरी करा,” ती म्हणाली. “खाली जा, उद्या वर या. ठरल्याप्रमाणं. मला वाघळीला जायचंय.”

“उद्याचा दिवस तू इथं हवीस, ठकू.”

“तुम्ही आहात. कोंडाजी आहे. त्याच्या घरच्यांना सांगायला मात्र माझ्याखेरीज कोणी नाही.”

पलीकडच्या तांड्यातली चार माणसे बरोबर घेऊन, सटवाचा देह एका बैलावर घालून ती घाट चढली. आठव्या दिवशी दुपारी वाघळीला पोचली. सटवाची आई अंगणात शेंगा फोडत होती. ठकूबाईने जे घडले ते सांगितले. लांबण लावली नाही. म्हातारी बराच वेळ शेंगा फोडत राहिली, जणू हातांना बातमी उशिरा पोचत होती. मग तिने विचारले, “आणि तू कोण?”

“त्याला परत पाठवणारी. माझ्याकडं काम मागायला आला होता.”

“का पाठवलास?”

“मी कधी चुकत नाही, म्हणाला.”

“लहानपणापासनं तसंच म्हणायचा. बाप मारायचा ना चुकला की.” म्हातारीने वर पाहिले. “मग तेवढंच शिकवायचं होतंस त्याला.”

ठकूबाईने मान खाली घातली. अग्नी दिल्यावर ती म्हातारीपाशी रात्रभर बसली आणि पहाटे निघाली. त्यानंतर तिने ज्या ज्या माणसाला परत पाठवले, त्याला आता कुठे जाणार हे विचारल्याखेरीज आणि वाटेतला धोका सांगितल्याखेरीज पाठवले नाही, असे कथा सांगते.

इकडे नववा दिवस उजाडला. भुशाचा तांडा आदल्या संध्याकाळी वर आला होता. दुसऱ्या फेरीत, चढउतार मिळून, एकच गोणी खरचटली होती, आणि ती जुन्या बैलाने झाडाला घासली होती. नागशेट सकाळी कोठारापाशी आला. सातव्या दिवसाची बातमी त्याला पोचली होती आणि दोन दिवस त्याने कोणाशी मक्त्याचा शब्द काढला नव्हता.

“आज कोणाला काय काम सांगायचं?” त्याने विचारले.

“सांगायचं काही उरलं नाही, शेट,” धर्मातात्या म्हणाला. “ज्याला त्याला ठाऊक आहे.”

खरोखरच कोणी कोणाला सांगत नव्हते. नव्यांपैकी अर्धे गोण्यांची तोंडे धरून होते, अर्धे धान्य ओतत होते. कोंडाजी आपल्या बैलाच्या पालाणाचा पट्टा कसून, सैल करून, पुन्हा कसून पाहत होता. नागशेट थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने अंगरख्याच्या बाह्या वर केल्या आणि एका गोणीचे तोंड धरले. वयात आल्यापासून त्याने ते केले नव्हते. पहिली गोणी त्याच्या हातून वाकडी भरली.

“शेट, तुमची पहिलीच आहे,” कोंडाजी गंभीरपणे म्हणाला. “भुशावर हात बसवून घ्या आधी.”

सगळ्यांनी शेटकडे पाहिले. मग नागशेटच हसला, आणि कोठारात त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसू फुटले.

मध्यान्हीला ठकूबाई आली. पाय धुळीने माखलेले, डोळे जागरणाने सुजलेले. नागशेट तिच्यासमोर गेला. माफीचे शब्द त्याला येत नव्हते. व्यापाऱ्याच्या घरात ते फारसे वापरात नसतात.

“मुकादमीण,” तो म्हणाला, “एक दिवस मी मागितला होता. तू दिला नाहीस ते बरं केलंस.”

“उद्या पहाटे निघायचं,” ती म्हणाली. “एक जुना, एक नवा, असं ओवायचं. सगळ्यात पुढं कोंडाजी.”

“कोंडाजी? नवा माणूस?”

“त्या जागेची भीती त्याच्याइतकी कुणाच्या ध्यानात नाही.”

दहाव्या दिवशी पहाटे ऐंशी बैल घाटात शिरले. नाकाड्याअलीकडच्या रुंद जागी ठकूबाई कातळाला पाठ लावून उभी राहिली आणि प्रत्येक माणसाला पुढे जाताना नावाने हाक मारली. पलीकडच्या व्यापाऱ्याच्या गोण्या अजून तिथेच रचलेल्या होत्या. कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले नाही, कोणी जुनी टिंगल काढली नाही. बैल दरीच्या कडेने चालत राहिले, आणि ऐंशी बैलांपैकी एकाचीही गोणी कातळाला लागली नाही.

सूर्य दोन हात वर असताना तांडा बंदरावर पोचला. राजाच्या अंमलदाराने गोण्या मोजून घेतल्या आणि गलबते भरायला लावली. दहा वर्षांचा मक्ता नागशेटच्या नावे झाला. गलबतांनी किल्ल्याची वाट धरली. मग बंदरावरच्या वाळूत ऐंशी पाने मांडली, आणि ऐंशी माणसे जेवायला बसली.

तात्पर्य: माणसाला कामावर घेणाऱ्याने, निकड कितीही मोठी असो, त्याला ते काम शिकवण्याचे दिवस गाळू नयेत; ज्याच्या हाती ओझे द्यायचे, त्याच्या चुका आधी हलक्या ओझ्याखाली होऊ द्याव्यात.